गाठ काढली, मग औषध अंगभर कशाला?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिकेच्या आईचं वय ५८. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गाठ पूर्ण निघाली, पण काखेतल्या ५ ग्रंथींमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या. कॅन्सर हार्मोनवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं नाही). दर तीन आठवड्यांनी एक अशा ८ केमो ठरल्या आहेत, त्यातल्या २ झाल्या. दुसऱ्या केमोनंतर पाच दिवस उलट्या, तोंड आलेलं, अंथरुणातून उठवेना. थोरल्या भावाने मायक्रोपार्टिकलविषयी बरंच वाचलं आहे: औषध पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) सूक्ष्म कणांत भरायचं, कण गाठीपाशी सोडायचे, औषध तिथेच हळूहळू झिरपणार आणि बाकीचं शरीर सुखरूप राहणार. ‘गाठ तर निघाली आहे, मग औषध अंगभर कशाला? केमो आत्ताच थांबवू आणि हा उपचार मिळेपर्यंत थांबू,’ असं त्याचं म्हणणं. पत्रलेखिकेच्या सासऱ्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तीन महिन्यांतून एक साधं इंजेक्शन मिळतं आणि ते हिंडतेफिरते आहेत. मग आईच्याच वाट्याला हे जुनाट, क्रूर औषध का? डॉक्टरांना विचारलं तर ‘ते तुमच्या केसमध्ये नाही’ एवढंच म्हणून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. आई म्हणते, तुम्ही दोघं ठरवाल ते. तिसरी केमो दहा दिवसांवर आली आहे.

उत्तर:

तुमच्या दादांचा तो प्रश्न, ‘गाठ निघाली, मग औषध अंगभर कशाला’, हा अगदी नेमका प्रश्न आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून त्याचं उत्तर दिलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ तुमच्यावर कदाचित आली नसती. म्हणून आधी त्यालाच हात घालते.

दादांनी धरून चाललेली गोष्ट अशी, की औषध शरीरभर फिरतं हा केमोचा दोष आहे. पुष्कळदा तो असतोही. पण तुमच्या आईच्या बाबतीत अंगभर फिरणं हेच त्या औषधाचं काम आहे. काखेतल्या ५ ग्रंथींत पेशी सापडल्या, याचा अर्थ ऑपरेशनच्या आधीच काही पेशी मूळ गाठ सोडून बाहेर पडल्या होत्या. ग्रंथींपर्यंत पोचलेल्या दिसल्या आणि काढल्या. त्यातल्या काही रक्तातून हाडांत, यकृतात, फुप्फुसात जाऊन बसल्या आहेत का, हे कुठलाही स्कॅन सांगू शकत नाही, कारण काही मिलिमीटरपेक्षा लहान पुंजका स्कॅनमध्ये दिसतच नाही. तण उपटून झालं तरी त्याचं बी मातीत कुठे कुठे पडलंय हे डोळ्यांना दिसत नाही, तसं हे आहे. मग औषध भरलेले कण सोडायचे कुठे? जिथे गाठ होती ती जागा तर सर्जनने मोकळी केली आहे, आणि उरलेल्या पेशींचा, त्या असल्या तर, पत्ता कुणाकडेच नाही. अशा वेळी रक्ताबरोबर सगळीकडे पोचणारं औषधच लागतं. डॉक्टरांच्या ‘ते तुमच्या केसमध्ये नाही’ या चार शब्दांमागे एवढं सगळं होतं, असं मला वाटतं. ते त्यांनी बोलून दाखवायला हवं होतं, हा भाग वेगळा.

आता कणांकडे वळू. दादांनी वाचलंय ते खोटं नाही, आणि इतरही अनेक घरांत हीच चर्चा चालू असणार.

मायक्रोपार्टिकल म्हणजे साधारण एक मायक्रॉनपासून काही शे मायक्रॉनपर्यंतचे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्वांत जास्त वापरात असलेलं पॉलिमर म्हणजे पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक या दोन आम्लांची ती साखळी असते. शरीरातलं पाणी ती साखळी हळूहळू तोडतं, आणि सुटी झालेली आम्लं शरीर आपल्या नेहमीच्या वाटांनी निकालात काढतं. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातल्या पदार्थांचे असतात. साखळीत लॅक्टिक आम्लाचं प्रमाण वाढवलं की कण सावकाश झिजतो. दोन्ही निम्मी निम्मी ठेवली की लवकर. औषध आठवडाभर पुरवायचं की काही महिने, हे अशा रीतीने आधीच ठरवता येतं. फार सुबक विचार आहे हा. कागदावर दिसतो तितका शिस्तीत मात्र तो वागत नाही. कणाच्या पृष्ठभागापाशी असलेलं औषध पहिल्याच दिवशी भसकन बाहेर येतं. ते आवरणं ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे.

यात एक अडचण आहे आणि ती आकाराची. आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या ५ ते १० मायक्रॉन रुंद असतात. त्याहून मोठे कण हाताच्या शिरेतून सोडले तर ते हृदयातून थेट फुप्फुसात जातात आणि तिथल्या बारीक जाळ्यात अडकतात. (फुप्फुसाच्या एका तपासणीत अल्ब्युमिनचे किरणोत्सारी कण मुद्दाम असे थोडेसे अडकवतात आणि फोटो काढतात. ज्ञान कुठे कुठे उपयोगी पडतं!) थोडक्यात, मायक्रोपार्टिकल सलाईनमधून देऊन ‘गाठ शोधा’ असं सांगता येत नाही. ते कुठेतरी नेऊन ठेवावे लागतात: स्नायूत किंवा कातडीखाली, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, किंवा शरीरातल्या एखाद्या पोकळीत. कुठे ठेवायचे याला उत्तर असेल तरच हा उपचार सुरू होतो.

तुमच्या सासऱ्यांचं ‘साधं इंजेक्शन’ यातल्या पहिल्या प्रकारचं असू शकतं. खोक्यावर ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन हे नाव आणि ‘डेपो’ असं काही असेल तर दाट शक्यता आहे की ते औषध अशाच विरघळणाऱ्या कणांत भरलेलं आहे. ल्युप्रोलाइडच्या सूक्ष्मकणांना अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळाली. म्हणजे दादा ज्याची वाट बघायला तयार आहेत ते तुमच्या घरात, दर तीन महिन्यांनी, टोचलं जात असावं! पण इथे कण काय करतात तेही नीट बघा. ते गाठ शोधत नाहीत. ते फक्त स्नायूत बसून औषध थेंबाथेंबाने रक्तात सोडतात. एरवी हेच औषध रोज टोचावं लागलं असतं. सासरे हिंडतेफिरते आहेत याचं कारण कण नव्हेत. त्यांना मिळणारं औषध पुरुष हार्मोन बंद करणारं आहे, केमो नाही, आणि त्यांचा आजार त्या औषधाला दाद देणारा आहे. त्यालाही किंमत असतेच: अंगातून वाफा निघणं, रात्री घाम, हाडं ठिसूळ होणं, लैंगिक इच्छा मावळणं. घरातल्या सुनेला पुरुष हे सांगत नाहीत, इतकंच.

दुसरा प्रकार धमनीतून कण सोडण्याचा, आणि तो यकृताच्या कॅन्सरमध्ये खूप वापरला जातो. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. निरोगी यकृताचं बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून) येतं, तर गाठ मुख्यतः यकृताच्या धमनीवर जगते. निसर्गानेच ठेवलेलं हे वेगळं दार. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी त्या धमनीपर्यंत न्यायची आणि औषध शोषलेले मणी तिथे सोडायचे. साधारण ७० ते ५०० मायक्रॉनचे हे मणी वाहिनी बुजवतात आणि औषधही सोडतात. गाठीची उपासमार आणि विषप्रयोग दोन्ही एकदम. गंमत म्हणजे त्या मण्यांत भरतात ते औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन असतं. आठ केमोंच्या अशा बेतात पहिल्या चार सलाईनमध्ये असणारं लाल औषध ते हेच. म्हणजे बहुधा तुमच्या आईला मिळालेलंसुद्धा.

मग मण्यांनी किती फरक पडला? इथे दादांना जरा थांबवून वाचायला सांगा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन व्ही’ या चाचणीत मण्यांची तुलना त्याच धमनीतून जुन्या पद्धतीने, तेलात मिसळून दिलेल्या डॉक्सोरुबिसिनशी केली. मणी दिलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या, जुन्या पद्धतीत ४४ टक्क्यांच्या. हा फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका मोठा ठरला नाही. यकृताला होणारी गंभीर इजा आणि डॉक्सोरुबिसिनचे शरीरभरचे दुष्परिणाम मात्र मण्यांनी स्पष्ट कमी झाले. २०१४ मध्ये इटलीतल्या १७७ रुग्णांच्या चाचणीतही जगण्याच्या कालावधीत फरक दिसला नाही. प्रक्रियेनंतरचं दुखणं मात्र कमी होतं. त्रास कमी होणं ही लहान गोष्ट नाही, तुमच्या आईची अवस्था बघता तर मुळीच नाही. पण ‘त्रास कमी’ आणि ‘आजार जास्त बरा’ ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. बातम्यांमध्ये ती एकात एक मिसळलेली असतात. आणि मणी सोडल्यावरही काही दिवस ताप, पोटात दुखणं, मळमळ होतेच.

(ज्यांच्या घरी यकृताच्या कॅन्सरचा रुग्ण आहे आणि डॉक्टरांनी हे मणी सुचवले आहेत, त्यांनी ‘हा काहीतरी प्रयोग चाललाय’ असं समजून घाबरू नये. विचारायचं ते एवढंच: यकृताची ताकद पुरेशी आहे का, पोर्टल व्हेनमध्ये कॅन्सर शिरलेला नाही ना, आणि आमच्या रुग्णात मणी जुन्या पद्धतीपेक्षा सरस का वाटतात.)

मायक्रॉनहूनही लहान, नॅनो आकाराचे कण शिरेतून देता येतात, आणि ‘गाठ शोधणारं औषध’ म्हणून बातमीत येतं ते बहुधा हेच. त्याबद्दल थोडक्यातच सांगते. डॉक्सोरुबिसिन चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत भरलेलं औषध १९९५ पासून आहे. त्याने हृदयावरचा धोका कमी झाला, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा नवा त्रास मागे लागला. दुष्परिणाम संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली. आणि गाठीपर्यंत किती कण पोचतात? २०१६ मध्ये दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. उरलेले यकृत, प्लीहा आणि इतरत्र. ही औषधं निरुपयोगी आहेत असं यातून निघत नाही, काहींचा रुग्णांना खरोखर फायदा होतो. पण ‘बाकीचं शरीर सुखरूप’ हे चित्र अजून तरी जाहिरातीतलं आहे.

तेव्हा केमो थांबवून वाट बघावी का, याला माझं उत्तर नाही असं आहे. गोलगोल बोलण्यात अर्थ नाही. तुमच्या आईच्या परिस्थितीत ज्याची वाट बघायची असा मायक्रोपार्टिकलचा प्रस्थापित उपचार आज नाही, आणि वाट बघण्यात काय जातं याचा अंदाज आहे. स्तनाच्या कॅन्सरमधल्या केमोच्या मोठ्या एकत्रित आढाव्यांनुसार तुमच्या आईला बहुधा चालू आहे तशा, आधी लाल औषध आणि मग दुसरं अशा, दोन टप्प्यांच्या औषधयोजनेमुळे या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. समजा केमोशिवाय शंभरातल्या ३० जणी दगावणार असतील, तर केमोने ते २० वर येतं. तुमच्या आईचा स्वतःचा आकडा तिच्या रिपोर्टवरून डॉक्टरच सांगू शकतील. तो विचारा, लाजू नका. हा फायदा ठरलेला डोस बऱ्यापैकी पुरा झाला तर मिळतो. जुन्या एका औषधयोजनेचा वीस वर्षांचा पाठपुरावा १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठरलेल्या डोसच्या ६५ टक्क्यांहून कमी औषध मिळालेल्या स्त्रियांची स्थिती केमो न घेतलेल्यांसारखीच राहिली होती. औषधं तेव्हाची वेगळी होती आणि तो हिशेब मागे वळून मांडलेला होता, म्हणून त्यावर सगळा भार टाकू नये. तरीही आठातल्या दोनवर थांबणं म्हणजे त्रास सोसून झाला आणि लाभ तिथेच सोडला, असं होण्याची भीती खरी आहे.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट. केमो नकोच, असं म्हणायला कधीकधी भक्कम शास्त्रीय आधार असतो. पाळी गेलेली, हार्मोनवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह कॅन्सर, आणि काखेत फक्त १ ते ३ ग्रंथींत पेशी. अशा अनेक स्त्रियांना गाठीच्या जनुकांची एक तपासणी करून केमो टाळता येते, हे २०२१ साली ‘आरएक्स-पाँडर’ या मोठ्या चाचणीने दाखवलं. तुमच्या आईच्या ५ ग्रंथी आहेत, म्हणून ती त्या गटात बसत नाही. पण ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांनी सुरुवातीलाच हा प्रश्न विचारावा.

आता आईच्या हालांबद्दल. दादा ‘नवा उपचार’ म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर एवढंच म्हणायचंय की आईला असं बघवत नाही. मला वाटतं तुमच्या घरातलं भांडण औषधाचं नाहीच, या पाच दिवसांचं आहे. आणि या पाच दिवसांवर आजच्या आज करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिल्या चार केमोंत लाल डॉक्सोरुबिसिनबरोबर बहुधा सायक्लोफॉस्फामाइड असतं, आणि ही जोडी उलट्यांच्या बाबतीत सर्वांत त्रासदायक गटात मोडते. तिच्यासाठी चार औषधांचा मेळ सांगितला जातो: ऑन्डॅनसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन, अप्रेपिटंटच्या जातीचं एक, आणि ओलान्झापिन. आईला यातली किती मिळाली, किती दिवस मिळाली, डिस्चार्जच्या कागदावर बघा. पुष्कळदा पहिल्या दिवशी सलाईनमधून दोन दिली जातात आणि घरी ‘वाटलं तर घ्या’ म्हणून एक गोळी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेण्याला फारसा अर्थ नसतो. ती आधीपासून, घड्याळ लावून घ्यायची असते. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजाराचं औषध, म्हणून चिठ्ठीवर ते नाव वाचून घरचे बिचकतात आणि देत नाहीत. मळमळीवर त्याचा चांगला उपयोग होतो हे २०१६ मध्ये सिद्ध झालंय. गुंगी येते, म्हणून रात्री देतात. डोस डॉक्टर ठरवतील.

तोंड आलं असेल तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा, मऊ ब्रश, आणि अल्कोहोल असलेलं माऊथवॉश बंद. जेवणाआधी लावायची बधिर करणारी जेल मिळते, ती मागून घ्या. अंथरुणातून उठवत नाही याची कारणं तपासायला हवीत: हिमोग्लोबिन, सोडियम, पोटात पाणी किती जातंय. पांढऱ्या पेशी फार उतरत असतील तर त्या वाढवणारं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी देता येतं. आणि एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा: ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्र असो की दिवस, तापाची गोळी देऊन वाट न बघता थेट हॉस्पिटल. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्या वेळचा ताप हा असा दुष्परिणाम आहे की ज्यात काही तासांचा उशीर जिवावर बेतू शकतो.

लाल औषधाने हृदय खराब होतं, हे दादांनी वाचलं असेलच. होतं, पण ते एकूण साठलेल्या डोसवर अवलंबून असतं. नेहमीच्या हिशेबाने चार वेळा मिळून दर चौरस मीटरमागे २४० मिलिग्रॅम होतात. धोका झपाट्याने चढतो तो ४५० ते ५५० च्या आसपास. सुरुवातीला इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेलच, नसेल तर विचारा.

पहिल्या चारानंतर औषध बदलून पॅक्लिटॅक्सेल येण्याची शक्यता आहे, आणि त्याला उलट्या खूपच कमी होतात. म्हणजे जे आत्ता चाललंय तसंच आणखी सहा वेळा, असं आईने मनात धरलं असेल तर तो हिशेब चुकीचा असू शकतो. अशा औषधाचे आणखी दोनच डोस उरले असतील. ही माहिती तिला कुणी दिली आहे का? पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांनी मोठ्या डोसात देण्याऐवजी दर आठवड्याला थोडं थोडं, बारा वेळा, असंही देतात. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत तेच अधिक परिणामकारक ठरलं. हातापायांना मुंग्या मात्र त्यात जास्त येतात. फेऱ्या वाढतात. आईला कुठलं झेपेल, हे तिच्याशी बोलून ठरवण्यासारखं आहे.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय? अवश्य घ्या, पण केमो थांबवून नव्हे. दहा दिवस हातात आहेत. पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, केमोचा तक्ता डोससहित, इको आणि ताजी रक्ततपासणी एवढं बरोबर न्या. मायक्रोपार्टिकलची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर नव्या उपचाराची चाचणी, कुणी सुचवली तर चार गोष्टी विचारा: अधिकृत नोंदणी क्रमांक काय, चाचणी कुठल्या टप्प्यात आहे, ज्यांना नवं औषध मिळणार नाही त्यांना काय मिळेल, आणि मधूनच बाहेर पडता येतं का. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा उद्देश मुख्यतः सुरक्षित डोस शोधणं हा असतो, ती बहुधा नेहमीचे उपचार थकलेल्या रुग्णांसाठी असते. तुमच्या आईचे नेहमीचे उपचार थकलेले नाहीत, ते अजून निम्मेही झालेले नाहीत. आणि प्रयोगातल्या औषधासाठी कुणी तुमच्याकडेच मोठी रक्कम मागत असेल, तर तिथून निघून या.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, निर्णय कुणाचा. तुम्ही लिहिता, ‘आई म्हणते तुम्ही ठरवाल ते’, आणि लगेच पुढे दादांचं आणि तुमचं काय म्हणणं आहे ते दीड पान. तिचं त्यानंतर काहीच नाही. ‘तुम्ही ठरवा’ याचा अर्थ ‘माझी दमछाक झाली आहे’ असा असू शकतो. ‘मला थांबायचंय पण मुलांना वाईट वाटेल’ असा असू शकतो, किंवा ‘मला पुढे जायचंय पण तुमच्यावर भार नको’ असाही. या तिन्ही अर्थांची उत्तरं वेगळी निघतील. तिला ‘केमो घ्यायची का’ असं विचारू नका, कारण त्या प्रश्नाला ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देईल. तिला विचारा, सगळ्यांत जास्त काय सोसवलं नाही? काय थोडं कमी झालं तर पुढची घेता येईल असं वाटतं? तिला कशाची भीती वाटते, केमोची की आजार परत येण्याची? आणि डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायचंय का, तुम्ही दोघं बाहेर बसाल. दादांना हे अवघड जाईल. त्यांना सांगा की तुम्ही वाचलेलं सगळं एका कागदावर प्रश्न म्हणून लिहून द्या, तो कागद आपण भेटीच्या आधी डॉक्टरांकडे पोचवू. तोंडी विचारलेला प्रश्न दोन मिनिटांत झटकता येतो, कागदावरचा तितका सहज झटकता येत नाही.

उलट्या, तोंड, थकवा या सगळ्यांवर नीट उपाय करूनही, आकडे समजून घेऊनही, आई म्हणाली की आता पुरे, तर तो तिचा हक्क आहे. तेव्हा तिच्याशी हुज्जत घालू नका. फक्त डॉक्टरांना लगेच सांगा, न सांगता तारीख चुकवू नका, कारण केमो थांबली म्हणजे उपचार संपले असं नाही. तिचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आहे. त्यावरची रोजची एक गोळी किमान ५ वर्षं घ्यायची असते, आणि तिचा फायदा केमोइतकाच भक्कम आहे. ५ ग्रंथी असल्याने रेडिएशनही बहुधा लागेल. केमो अर्धवट सुटलेली पुष्कळ घरं त्या रागात, किंवा शरमेत, हॉस्पिटलचा रस्ताच सोडतात आणि हे दोन्ही उपचार हातचे घालवतात.